पहिला अंक निघाला, चौथ्याचे काय?

(नांदेड जिल्ह्यातील एका खेडेगावी नव्या त्रैमासिकाच्या प्रकाशन समारंभात झालेले भाषण)



आज येथे मासिक निघाले, कविता झाल्या, हलगी झाली, ओव्या झाल्या, आणि अजून गोंधळ व्हायचा आहे. जेवणाचा वास येऊ लागला आहे, तेव्हा मी फार वेळ घेणार नाही असे म्हणण्याची रीत आहे. पण मी थोडा वेळ घेणार आहे, कारण मला जे सांगावयाचे आहे ते जेवणानंतर कोणी ऐकत नाही.

मासिकाचा पहिला अंक काढणे हे काही मोठे अवघड काम नव्हे. उत्साह असतो, दोन-चार मित्र खिशात हात घालतात, एखादा दुकानदार जाहिरात देतो, आणि अंक निघतो. दुसरा अंक उधारीवर निघतो. तिसऱ्याला छापखानावाला मागचे बिल दाखवतो. चौथा अंक ज्याचा निघाला ते मासिक जगले असे समजावे. आपल्या मराठवाड्यात पहिले अंक मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही, आणि चौथे अंक मोजायला हाताची बोटे उरतील. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपले वाडवडील सांगून गेले ते काही उगीच नाही.

पण नुसता पैसा हेही खरे कारण नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला, त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्या काळचे अडीच हजार! तरी तो पाक्षिक 1923 साली बंद पडला. दुसऱ्या बाजूने पाहा. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊन छापा असे सांगितले असताही 'केसरी'ने ती छापली नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. म्हणजे एका हाताला राजाची देणगी आणि दुसऱ्या हाताला बंद दार. ज्यांच्यासाठी पत्र होते त्या लोकांच्या हाती अजून अक्षर नव्हते, अक्षर होते त्यांच्या हाती आणे नव्हते. पुढे 1927 साली 'बहिष्कृत भारत' निघाला, तेव्हा त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून भरले. एवढा मोठा विद्वान, आणि रात्री बसून रकाने भरतो आहे! तेही पत्र 1929 मध्ये थांबले. आपल्या संपादक मंडळींनी ही गोष्ट मनाशी ठेवावी, घाबरण्यासाठी नव्हे, तर हिशेबाची वही आजच उघडण्यासाठी.

आता जे जगले त्यांच्याकडे पाहू. नगर जिल्ह्यात, म्हणजे ज्याला 2024 पासून अहिल्यानगर म्हणतात तेथे, नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे खेडे आहे. मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली 'दीनमित्र' सुरू केला आणि पन्नासाहून अधिक वर्षे तो चालवला, त्यातला बहुतेक काळ या तरवडीहून. ना तेथे विद्यापीठ, ना नाट्यगृह. अवतीभोवती शेती, पाऊस पडला तर चिखल. मुकुंदरावांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर. त्यांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात 'दीनबंधु' काढला होता, तो पुढे 1880 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईस नेऊन चालवला. बापाच्या पत्राचे शहरात काय झाले हे ज्याने पाहिले होते, त्या मुलाने आपले पत्र खेड्यात ठेवले. यात मला मोठा शहाणपणा दिसतो. शहरात भाडे खर्च करण्यापेक्षा गावात भाकरी खाऊन पत्र चालते, आणि वाचणारा समोर बसलेला असतो. तो चुकले तर तोंडावर सांगतो.

वाचण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जोतीराव फुले यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. आता शेतकऱ्यावर लिहिलेले पुस्तक शेतकऱ्यापर्यंत जावे कसे? शेतकरी तर वाचू शकत नव्हता. तेव्हा जोतीरावांनी ते लिहिता-लिहिताच पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, जुन्नरास, ओतुरास, हडपसरास लोकांपुढे वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही ते त्यांच्या तोंडून ऐकले. म्हणजे आज ज्याला 'अभिवाचन' असे भारदस्त नाव देऊन तिकिटे लावतात, ते काम आपल्याकडे तेव्हाच होत होते, आणि तेही गरज म्हणून. ऐकणाऱ्यात कुणबी असे, माळी असे, आणि चुकीचे वाटले तर तो मध्येच बोलत असणार. आपला शेतकरी गप्प बसून ऐकणारा प्राणी नव्हे, हे येथे बसलेल्या मंडळींकडे पाहूनही कळते.

या असुडाची दुसरी गोष्ट कडू आहे, पण सांगितली पाहिजे. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधु'त छापले गेले, पुढचे छापले गेले नाहीत. सरकार काय म्हणेल, अशी धास्ती. जोतीराव त्यावर रागावले, आणि आपल्याच माणसाला त्यांनी खरपूस शब्दांत सुनावले. लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी जे केले ते थोर आहे, त्याला उणेपणा येत नाही. पण पत्र आपले असले, संपादक आपला असला, म्हणजे आपले सगळे छापले जाईलच असे नाही. हे आपल्या चळवळीच्या पहिल्या पत्रातच घडून गेले आहे. म्हणून या नव्या मासिकाच्या तरुणांना मी विचारतो, तुम्ही काय छापणार नाही? जो सावकार मुखपृष्ठामागे पानभर जाहिरात देईल, त्याच्या दारात कोणाचे शेत गहाण आहे हे छापाल काय? ज्या कारखान्याची जाहिरात शेवटच्या पानावर येईल, त्याने उसाचे पैसे थकवले तर? उत्तर आज देऊ नका. चौथ्या अंकात द्या.

आता आपल्या मुलखाकडे येतो. आपण निजामाच्या राज्यातले. येथे शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दूचे. उर्दू भाषा गोड आहे, तिच्याशी आपले वैर नाही; कंधारच्या दर्ग्यात उरुसाला कव्वाली ऐकत आपले बापजादे रात्ररात्र बसले आहेत. वैर होते ते घरची बोली दाराबाहेर ठेवण्याशी. जाहीर सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे, त्या फर्मानाला जुनी माणसे 'गश्ती निशाण 53' म्हणत. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' साप्ताहिक तर पुण्याहून काढावे लागे, आणि बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे. 17 सप्टेंबर 1948 रोजी ते राज्य गेले. आज छापायला कोणाच्या पाया पडावे लागत नाही. नावाची नोंदणी करावी लागते एवढेच. 1867 चा जुना कायदा जाऊन 2023 चा नवा आला, तो 1 मार्च 2024 पासून लागू आहे. आपल्या संपादकांनी त्याचे कागद पुरे केले आहेत असे त्यांनी मला सांगितले, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलेही. आमच्या पिढीची खोड आहे, कागद पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

परवानगीची अडचण संपल्यावर आपण काय केले? पुष्कळ केले. नांदेडला 1950 साली पीपल्स कॉलेज निघाले, तेथे नरहर कुरुंदकरांसारखा माणूस शिकवून गेला. 1953 पासून मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' निघू लागले. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' सुरू केला आणि 2018 साली देह ठेवीपर्यंत तो सोडला नाही. त्यांची युक्ती काय होती ती ऐकण्यासारखी आहे. त्यांनी लेखक आणि वाचक यांचे मेळावे भरवले, तेही एकाच गावी नाही, गावोगावी फिरते. ज्याने कधी कागदावर ओळ लिहिली नव्हती असा पोर त्या मेळाव्याला यायचा, ऐकायचा, आणि परत जाऊन लिहायचा. वर्गणीदारच पुढे लेखक झाले. असे मासिक मरेल कसे? ज्या मासिकाचे लेखक वेगळे आणि वाचक वेगळे, ते भाड्याच्या बैलासारखे. औत चालते तोवर चालते.

आणि आपल्या कंधारचे भाई केशवराव धोंडगे! त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो. शेतकरी कामगार पक्षाचा हा गडी, 'जयक्रांती' साप्ताहिक चालवायचा, विधानसभा गाजवायचा, आणि 1 जानेवारी 2023 रोजी शंभरी गाठून गेला. त्यांनी कंधार तालुक्यात गुराखीगडावर गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले. शहरातली मंडळी हसली. गुराख्याला कसले आले साहित्य? अहो, जो दिवसभर रानात एकटा, ज्याला पाखराची हाक कळते, ढगाचा रंग कळतो, गाईचे दुखणे कळते, आणि वेळ घालवायला ज्याच्याजवळ गळ्याखेरीज दुसरे काही नाही, त्याच्याजवळ साहित्य नाही तर कोणाजवळ आहे? नांदेडला 1985 साली शंकर पाटलांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन झाले, लातूर जिल्ह्यात उदगीरला एप्रिल 2022 मध्ये 95 वे झाले, त्याच वेळी त्याच गावात विद्रोही संमेलनाचाही मांडव पडला. दोन्ही मांडव चांगलेच. पण मला विचाराल तर गुराखीगडाची कल्पना या सर्वांहून पुढची होती. जोतीरावांनी 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण परत धाडले, तेव्हा त्यांच्या मनात जी दुसरी सभा होती ती अशीच काही तरी असावी.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा राहिलो त्या गोष्टीला येतो. संपादक मंडळींनी राग मानू नये.

ही आजची निमंत्रणपत्रिका माझ्या हाती आहे. कागद चांगला, छपाई सुबक. कवितावाचनाखाली नऊ कवींची नावे आहेत, प्रत्येकाचे गाव आहे, दोघांच्या नावामागे 'प्राध्यापक' आहे. त्याखाली लिहिले आहे, 'हलगीवादक व संच'. त्याखाली, 'जात्यावरच्या ओव्या : गावातील महिला'. त्याखाली, 'गोंधळी मंडळी'. झाले. नऊ माणसांना नावे आहेत आणि उरलेले 'संच' आहेत!

बरे, पत्रिकेत जागा नव्हती म्हणावे. अंक उघडला. पान 31 वर सहा ओव्या छापल्या आहेत, वर मथळा 'लोकगीत', खाली कोणाचेही नाव नाही. त्या ओव्या ज्या आजींनी सांगितल्या त्या येथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मी मघाशी त्यांच्याजवळ जाऊन विचारले, आजी, ही ओवी तुम्हाला कोणी शिकवली? त्या म्हणाल्या, चार आईकडून आल्या, दोन माझ्या. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते तेव्हा जुळवल्या. मंडळी, 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर बसून, वर ऊन आणि खाली दगड, एका बाईने दोन ओव्या रचल्या. पन्नास वर्षे त्या तोंडात जपल्या. आणि आज त्या छापल्या गेल्या त्या कोणाच्या? 'लोकां'च्या! हे लोक कोण? त्यांचे रेशनकार्ड कुठले?

कोणी म्हणेल, ओवीला कवी नसतो, ती समाजाची असते. ऐकायला गोड आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगाव माणसे लावून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखावर भरल्या. त्यांनी काय केले? गाणाऱ्या बाईचे नाव लिहिले, गाव लिहिले. एक लाख ओव्यांना जे जमते ते सहा ओव्यांना का जमू नये?

आणि फार लांब कशाला जायचे? नांदेडचाच दाखला घ्या. आपल्या गोदावरीच्या काठी हुजूर साहिब आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी येथेच ग्रंथाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत. नामदेव कोण? शिंपी. त्याच ग्रंथात कबीर आहे, तो विणकर. रविदास आहे, तो चर्मकार. धन्ना आहे, तो शेतकरी. सैन आहे, तो न्हावी. सधना आहे, तो खाटीक. ज्यांनी ग्रंथ सिद्ध केला त्यांनी ही पदे 'लोकगीत' म्हणून एका गाठोड्यात बांधली नाहीत. प्रत्येकाचे पद त्याच्या नावाने ठेवले, आणि शेकडो वर्षे ते त्याच नावाने वाचले जाते, राजेमहाराजे त्याच्यापुढे माथा टेकतात. नांदेडला जाऊन कोणीही ऐकून यावे. ज्या गावाच्या शेजारी शिंप्याचे, न्हाव्याचे, खाटकाचे नाव एवढ्या इतमामाने उच्चारले जाते, त्या जिल्ह्याच्या मासिकात हलगीवाल्याला 'संच' म्हणायचे?

हलगीविषयी आणखी एक. हलगी ही आपल्याकडे एका-दोन जातींच्या माथी मारलेली बिनपैशाची चाकरी होती. कोणाच्या घरी मयत झाली की वाजव, पोळ्याला बैलापुढे वाजव, पाटलाच्या लग्नात वाजव, आणि शेवटी पंगत उठल्यावर लांब बसून खा. म्हणून आपल्या कित्येक शहाण्या तरुणांनी हलगी खाली ठेवली. त्यांनी योग्य केले, त्यांना कोणी 'कला बुडवली' असा दोष देऊ नये. ज्यांना ती कला वाटते ते आजही वाजवतात, आणि काय वाजवतात! आज या पोरांनी दहा मिनिटांत मांडव उठवला. पण मग जुनी चाकरी आणि नवी कला यांत फरक दिसायला नको काय? फरक तीन गोष्टींत दिसतो: नावात, बसायच्या खुर्चीत आणि हातावर पडणाऱ्या पैशात. मी मघापासून पाहतो आहे, कवी व्यासपीठावर आहेत, हलगीवाले मांडवाच्या खांबाला टेकून उभे आहेत. उभे राहण्याची त्यांना सवय आहे, म्हणून कोणाला खटकले नाही, एवढेच. आणि जेवणाच्या वेळी गोंधळ ठेवला आहे! लोक वरण-भात ओढतील आणि गोंधळी आख्यान सांगेल. आमच्या प्राध्यापक कवींची कविता कोणी जेवताना ठेवली असती काय?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आपण सगळे जातो. लोहा तालुक्यातली ती यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट येतात, वाघ्या-मुरळी येतात, लावणीच्या फडांवर माणूस मावत नाही. तेथे लोक पैसे मोजून कलावंतीण पाहतात, आणि कोणता फड कोणाचा हे पोरासोरांना पाठ असते. यात्रेतल्या अडाणी गर्दीला जे कळते, ते वाङ्मयीन मासिकाला कळले पाहिजे. आपल्या सत्यशोधक जलशांनी तर तमाशाचेच अंग घेऊन, गण-गवळणीच्या जागी ज्ञानाची गोष्ट घालून, गावे जागी केली. ज्या गावात पत्राचा एक अंक जात नव्हता तेथे जलसा जात होता. तेव्हा गाणे हे आपल्याकडे भाषणाच्या मधले चटणी-लोणचे नव्हते; ती भाकर होती.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत, त्या आज सभेपुढे मांडतो. अध्यक्षांनी लिहून घ्याव्यात. पहिली, पुढच्या अंकात पान 31 च्या सहाही ओव्या आजींच्या नावाने पुन्हा छापाव्यात, त्यांच्या आईच्या नावासह. दुसरी, कवीला जे मानधन तेच वाजवणाऱ्याला. कवीला शाल-नारळ देणार असाल तर वाजवणाऱ्यालाही शाल-नारळ; पण माझे ऐकाल तर शाली बंद करा. आमच्या घरी अशा शालींची एक पेटी भरली आहे, त्यातली एकही थंडीत उपयोगाची नाही. तो पैसा टपालाला ठेवा. तिसरी, तांड्यावरची गोरमाटी बोली, लिंगायत मठातली मन्मथस्वामींची भजने, मोहल्ल्यातली दखनी, यांना दर अंकात चार पाने. किनवट-मुखेडच्या तांड्यांवर ज्या बाया गातात त्यांची मुले आता कॉलेजात आहेत. तीच लिहून आणतील, तुम्हाला फिरावे लागणार नाही. चौथी मागणी वाचकांकडे आहे, ती जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला मासिक कशाला? सोयाबीनला भाव नाही, लातूरच्या अडतीवर तूर नेली तर गाडीभाडे अंगावर येते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात कविता कोण वाचतो? मी म्हणतो, ते पाणी आले तेव्हा आपल्या आयाबाया घागरी घेऊन रांगेत काय बोलत होत्या, हे कोणी लिहिले? परगावचे बातमीदार आले, गाडीचे फोटो काढून गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हाही जगभरचे लोक लिहून गेले. आपले आपण काय लिहिले? जे लिहिले गेले नाही ते नातवंडांना ऐकीव म्हणून मिळते, आणि ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही, कचेरीत चालत नाही. आपली जमीन अशाच ऐकीवपणाने गेली आहे. कागद ज्याच्या हाती, शेत त्याचे, हे आपल्या आज्यांनी फार किंमत देऊन शिकून घेतले.

तेव्हा दर आळीला एक वर्गणी. एकट्याने भरू नका. सुताराची, कुंभाराची, लोहाराची, मांगवाड्याची, तांड्याची, पाच-पाच घरांनी मिळून एक. अंक आला की शनिवारी रात्री पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर बसा आणि ज्या पोराला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे. पोरगी असेल तर अधिक चांगले, आमच्या पोरींचे वाचन पोरांहून स्वच्छ आहे. जे पटले नाही ते तेथेच बोला आणि कोणी तरी दोन ओळी लिहून संपादकाला पाठवा. मोबाइलवर पाठवा, कार्डावर पाठवा. ज्या महिन्यात पत्रे येणार नाहीत त्या महिन्यात संपादकाने स्वतः गावोगाव फिरावे, आणि वर्गणी मागायला नव्हे, शिव्या ऐकायला.

वर्गणीची वही दाराशी, हळदी-कुंकवाच्या ताटाशेजारी ठेवली आहे. माझ्या आळीची पाच नावे मी येतानाच लिहून आलो. आता गोंधळी मंडळींनी वर यावे, खुर्च्या मी मोकळ्या करवून घेतो. आणि त्यांचे आख्यान संपेपर्यंत पंगत बसणार नाही, असे अध्यक्षांनी जाहीर करावे.